‘आय ओबे अ डॉग’ : पाचवी ते आठवीच्या मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा

सहावीच्या वर्गाला ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर इंग्रजीत पाच वाक्ये लिहून आणायला सांगितली होती. एका मुलीचे पहिलेच वाक्य होते, ‘आय ओबे अ डॉग.’ वर्ग हसला, ती रडवेली झाली. तिची वही उघडून पाहिली तेव्हा शब्दार्थांच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलेले सापडले, ‘ओबे : पाळणे’. तो अर्थ आठवड्यापूर्वी फळ्यावर मीच लिहून दिला होता. आज्ञा पाळणे वेगळे आणि कुत्रा पाळणे वेगळे, हे मराठीत कोणाला शिकवावे लागत नाही; त्यामुळे इंग्रजीत ते सांगावे लागेल हे मला सुचलेच नव्हते. मुलीने दिलेला शब्द आणि दिलेला अर्थ इमानाने वापरला होता.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे पाचवीत आलेल्या मुलाने चार वर्षे इंग्रजीची पुस्तके हाताळलेली असतात, आणि मुंबईत तर वर्गाबाहेरही इंग्रजी शब्द दिवसभर कानांवर पडत असतात. तरीही चार ओळींचा उतारा समोर आला की मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळांतली बरीच मुले अडखळतात, आणि मग घरी ‘रोज दहा स्पेलिंग-मिनिंग पाठ कर’ हा जुना उपाय सुरू होतो. या उपायाने शब्द शनिवारच्या चाचणीपुरते डोक्यात राहतात आणि सोमवारी पुसले जातात. एखादा शब्द मुलाचा व्हायचा असेल तर तो वेगवेगळ्या वाक्यांत, थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने, अनेकदा भेटावा लागतो. त्याच्या आधी-नंतर कोणते शब्द येतात हेही कानांवर पडावे लागते. पुढची सगळी पद्धत या एकाच गोष्टीवर उभी आहे. तिला रोज साधारण वीस मिनिटे लागतात आणि फार खर्च येत नाही.

आधी मोजणी

मुलाला कोणते शब्द येतात हे पाहिल्याशिवाय नवे शब्द देऊ नयेत. त्याच्या इयत्तेच्या पुस्तकातले न शिकवलेले एक पान घ्यावे, पहिले १०० शब्द मोजून तिथे रेघ ओढावी आणि मुलाच्या हातात पेन्सिल द्यावी. जो शब्द स्वतःच्या वाक्यात वापरता येतो त्यावर काही करायचे नाही. जो पाहिल्यासारखा वाटतो पण अर्थ धूसर आहे त्याभोवती गोल. जो अगदीच अनोळखी आहे त्याच्याखाली रेघ. शेजारी बसून ‘हा कसा येत नाही?’ असे विचारू नये, नाहीतर मूल गोल करणेच बंद करते.

कोणाची मदत न घेता मजकूर नीट समजायचा असेल तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असे या विषयातले अभ्यासक मानतात. १०० शब्दांत दोन अनोळखी असले तर संदर्भावरून अंदाज बांधता येतो. पाचाच्या वर गेले की मूल वाचत नाही, ते नुसते शब्द उचकटत बसते. अशा वेळी पुस्तक सोपे घ्यावे, आणि त्यात कमीपणा मानू नये.

या मोजणीत खरा ऐवज असतो तो गोल केलेल्या शब्दांत. त्यांच्याशी अर्धी ओळख आधीच झालेली असते, म्हणून थोड्या श्रमात ते पक्के होतात. पालकांचा कल मात्र रेघा मारलेल्या, जड दिसणाऱ्या शब्दांकडे असतो. माझ्या वर्गातल्या मुलांना ‘फोटोसिंथेसिस’ हा शब्द बिनचूक लिहिता येतो, पण ‘ऑल्दो’, ‘इन्स्टेड’, ‘इनफ’, ‘ऑलमोस्ट’, ‘आयदर’ या शब्दांपाशी त्यांचे वाक्य कोसळते. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजीतल्या अत्यंत उपयोगी अशा सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये तिच्या धर्तीवर सुमारे २,८०० शब्दांची नवी यादी तयार झाली आणि ती इंटरनेटवर विनामूल्य मिळते. सातवीच्या मुलाच्या या यादीत खळगे असतील तर आधी ते बुजवावेत. बाकीचे शब्द थांबू शकतात.

कोणते शब्द निवडावेत

शब्दांचे ढोबळमानाने तीन थर धरता येतात. पहिल्या थरात ‘टेबल’, ‘रन’, ‘हॅपी’ यांसारखे रोजचे शब्द येतात. तिसऱ्या थरात एकाच विषयाचे पारिभाषिक शब्द असतात, ते त्या त्या विषयाचे शिक्षक शिकवतात. मधला थर मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही, आणि पाचवी ते आठवीत मेहनत घ्यायची ती तिथेच : ‘अव्हॉइड’, ‘रिड्यूस’, ‘एन्शंट’, ‘ऑब्झर्व्ह’, ‘रिलक्टंट’, ‘सडनली’, ‘रिक्वायर’, ‘कंपेअर’. गोष्टीत, विज्ञानात, इतिहासात, वर्तमानपत्रात, सगळीकडे हे शब्द भेटतात.

याच थरात प्रश्नपत्रिकेतली क्रियापदेही येतात. सेमी-इंग्रजीच्या मुलाला विज्ञानातले उत्तर येत असते, पण ‘जस्टिफाय’, ‘डिस्टिंग्विश बिट्वीन’, ‘गिव्ह रीझन्स’, ‘मेन्शन’ यांत नेमके काय मागितले आहे हे कळत नाही. ‘स्टेट व्हेदर ट्रू ऑर फॉल्स’ या सूचनेतला ‘स्टेट’ म्हणजे राज्य असे समजून चक्रावलेली मुले मी पाहिली आहेत. जुन्या प्रश्नपत्रिका चाळून अशी पंधरा-वीस क्रियापदे काढावीत आणि प्रत्येकासमोर अर्थ न लिहिता, उत्तर कसे दिसायला हवे ते लिहावे. ‘डिस्टिंग्विश’ आले की दोन रकाने आखायचे, ‘गिव्ह रीझन्स’ आले की ‘बिकॉज’ने वाक्य सुरू करायचे, ‘स्टेट’ आले की एका ओळीत सांगून मोकळे व्हायचे.

गणित आणि विज्ञान या विषयांत आणखी एक चकवा असतो. तिथले कितीतरी शब्द रोजच्या इंग्रजीतलेच असतात, पण वेगळ्या अर्थाने येतात. ‘प्रॉडक्ट’ म्हणजे दुकानातली वस्तू आणि गणितात गुणाकार. ‘डिफरन्स’ म्हणजे फरक आणि गणितात वजाबाकीचे उत्तर. ‘ऑड’ म्हणजे विचित्र आणि गणितात विषम. ‘व्हॉल्यूम’ म्हणजे टीव्हीचा आवाज आणि गणितात घनफळ. ‘मीन’ म्हणजे अर्थ असणे, दुष्टही, आणि गणितात सरासरी. अशा शब्दांसाठी वहीत वेगळे पान ठेवावे आणि दोन्ही अर्थ समोरासमोर लिहावेत. शक्य असेल तिथे दोन अर्थांमधला धागाही दाखवावा. ‘सेल’ हा शब्द पाहा. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकातून बुचाचा पातळ काप पाहिला, त्यात त्यांना लहान लहान खोल्यांसारखे कप्पे दिसले, म्हणून त्यांनी त्यांना ‘सेल’ हे नाव दिले. तुरुंगातली कोठडी ती सेल आणि शरीरातली पेशी तीही सेल, हे एकदा डोळ्यांसमोर आले की मूल तो शब्द विसरत नाही.

तोंडात असलेल्या शब्दांपासून सुरुवात

मुंबईतल्या मुलाला इंग्रजी येत नाही हे अर्धसत्य आहे. तो हार्बर लाइनने येतो, रविवारी मेगाब्लॉक असल्याचे सांगतो, सबवेतून पलीकडे जातो आणि बसच्या कंडक्टरकडून सुटे पैसे मागून घेतो. हे सगळे शब्द त्याच्याकडे आहेत, पण बंद डब्यांसारखे. चेंबूर-गोवंडीकडून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना एकदा विचारले, हार्बर म्हणजे काय? ‘लाइन,’ असे एकमुखी उत्तर आले. हार्बर म्हणजे बंदर, हे कळल्यावर नकाशा काढून मुंबई बंदर आणि ती लाइन यांचा संबंध शोधायला मुले स्वतःहून बसली.

हे डबे एक एक करून उघडावेत. ‘टर्मिनस’ हा लॅटिन शब्द, अर्थ हद्द किंवा शेवट. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला गाडीचा मार्ग संपतो, म्हणून ते टर्मिनस. याच घराण्यातले ‘टर्मिनल’, ‘टर्मिनेट’ आणि शाळेची ‘टर्म’. ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लाइन घ्यावी. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, पार. मग ‘ट्रान्सपोर्ट’, ‘ट्रान्सफर’, ‘ट्रान्सलेट’, ‘ट्रान्सपरंट’ हे शब्द एका माळेत येतात. ‘जंक्शन’ म्हणजे जोड, आणि व्याकरणातले ‘कंजंक्शन’ म्हणजे वाक्ये जोडणारा शब्द. ‘लोकल’पासून ‘लोकॅलिटी’, ‘लोकेट’, ‘लोकेशन’. बसचा कंडक्टर आणि विजेचा कंडक्टर हे एकाच धातूतून आले आहेत, त्याचा अर्थ नेणे. एक उतारूंना नेतो, दुसरा वीज नेतो. त्याच धातूतून ‘इंट्रोड्यूस’, ‘रिड्यूस’ आणि एसीचा ‘डक्ट’. पाचवीच्या मुलाला एका वेळी दोन-तीन भावंडे दाखवली तरी पुरे. आठवीच्या मुलाला पूर्ण घराणे झेपते.

एक सावधगिरी मात्र हवी. मराठीत रुळताना काही शब्दांनी अर्थ बदलला आहे. आपण म्हणतो ‘करंट बसला’, पण इंग्रजीत ‘आय गॉट अ शॉक’ असे म्हणतात. ‘करंट’ म्हणजे प्रवाह किंवा सध्याचा. आपण इडली खायला ‘हॉटेल’मध्ये जातो, इंग्रजीत ते ‘रेस्टॉरंट’, कारण हॉटेलात मुक्काम करायचा असतो. अशा शब्दांची यादी मुलांनाच करू द्यावी, त्यांना फार मजा येते.

उपसर्ग-प्रत्ययांची ओळखही याच ओघात करून द्यावी, कारण मराठीच्या तासाला तेच चाललेले असते. ‘अशक्य’मधला ‘अ’ समजला की ‘अनफेअर’, ‘अनहॅपी’मधला ‘अन’ समजतो. ‘चांगुलपणा’तला ‘पणा’ दाखवला की ‘काइंडनेस’, ‘डार्कनेस’मधला ‘नेस’ समजतो. ‘शब्दहीन’च्या शेजारी ‘होपलेस’ ठेवता येतो. मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक एकमेकांशी बोलले तर हे काम निम्म्या वेळात होईल, पण शिक्षकांच्या खोलीत ते सहसा घडत नाही.

शब्दाची वही

तीन रकान्यांची वही बंद करावी. एका शब्दाला अर्धे पान द्यावे. उदाहरणादाखल ‘रिलक्टंट’ या शब्दाचे पान कसे भरावे ते पाहू.

वरच्या ओळीत शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा आणि ज्या भागावर जोर येतो त्याखाली, म्हणजे मधल्या ‘लक’खाली, जाड रेघ ओढावी. त्याखाली मुलाला जिथे हा शब्द भेटला ते वाक्य जसेच्या तसे उतरवावे. मग मराठी. शब्दकोशात ‘अनुत्सुक’ किंवा ‘नाखूश’ असे काही मिळते, पण सहावीच्या मुलाच्या तोंडात हे शब्द नसतात. त्याला विचारावे, पाहुण्यांसमोर गाणे म्हणायला सांगितले की तू काय करतोस? ‘आढेवेढे घेतो.’ झाले, तोच अर्थ लिहावा : मनातून नको असल्यामुळे आढेवेढे घेणारा. पुढच्या ओळीत शब्दाची सोबत लिहावी, ‘रिलक्टंट टू’ आणि त्यानंतर क्रियापद. मग दोन वाक्ये मुलाच्या घरातली : ‘आय वॉज रिलक्टंट टू गेट अप ऑन मंडे.’ ‘माय ब्रदर वॉज रिलक्टंट टू शेअर हिज वडापाव.’ त्यानंतर नातेवाईक, ‘रिलक्टंटली’, ‘रिलक्टन्स’, आणि विरुद्ध बाजूला ‘विलिंग’, ‘ईगर’. शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे हा शब्द काय नाही : ‘लेझी नाही.’ आळशी मुलाला काम नको असते कारण कष्ट नकोत. रिलक्टंट मुलाला लाज, भीती, राग, काहीही कारण असू शकते. ‘ओबे’च्या पानावर ‘कीप अ पेट नाही’ ही ओळ असती तर त्या मुलीवर रडायची पाळी आली नसती.

असे पान भरायला सात-आठ मिनिटे लागतात, म्हणून दिवसाला दोनपेक्षा जास्त शब्द घेऊ नयेत. आठवड्यातले चार दिवस नवे शब्द, बाकीचे दिवस उजळणी. आठवड्याला आठ शब्द आणि शाळेच्या वर्षातले साधारण ३५ आठवडे धरले तर २८० शब्द होतात. नातेवाईक धरून संख्या दुपटीच्या आसपास जाते. पाचवी ते आठवी अशी चार वर्षे हे चालले तर हजाराच्या वर शब्द मुलाच्या हातात येतात. ‘तीस दिवसांत तीन हजार शब्द’ अशा जाहिरातींपुढे हा आकडा किरकोळ दिसेल, दिसू द्यावा.

‘काढणे’ आणि ‘लावणे’

मराठी मुलांच्या इंग्रजीत ज्या चुका वारंवार दिसतात, त्यांतल्या पुष्कळ चुकांचे मूळ आपल्या क्रियापदांत आहे. मराठीत एक क्रियापद दहा कामे करते. त्यामुळे वहीची शेवटची काही पाने मराठी क्रियापदांसाठी राखून ठेवावीत आणि पानाच्या मधोमध ते क्रियापद लिहून चहूबाजूंनी फांद्या काढाव्यात.

‘काढणे’ घ्या. चित्र काढणे म्हणजे ‘ड्रॉ’, फोटो काढणे म्हणजे ‘टेक’, बूट काढणे म्हणजे ‘टेक ऑफ’, बँकेतून पैसे काढणे म्हणजे ‘विथड्रॉ’, डाग काढणे म्हणजे ‘रिमूव्ह’, भांडण उकरून काढणे म्हणजे ‘पिक’. फोटो काढण्यासाठी ‘ड्रॉ’ का चालत नाही याचे कारण मुलाला इथे दिसते. ‘लावणे’ तर याहून ऐसपैस आहे. दिवा लावणे म्हणजे विजेचा असेल तर ‘स्विच ऑन’ आणि समई असेल तर ‘लाइट’. झाड लावणे म्हणजे ‘प्लांट’. दार लावणे म्हणजे ‘शट’. तेल लावणे म्हणजे ‘अप्लाय’. पैज लावणे म्हणजे ‘बेट’. गजर लावणे म्हणजे ‘सेट’. पंखा लावला आणि दार लावले या दोन वाक्यांत एक वस्तू चालू होते आणि दुसरी बंद होते, हे मुलांच्या ध्यानात आले की वर्गात जो कल्ला होतो तो थांबवू नये. घरात कोणी ‘लावणे’ वापरले की मुलाने इंग्रजी क्रियापद ओळखायचे, हा खेळ स्वयंपाकघरात आठवडाभर चालतो. ‘कुकर लाव’ला काय म्हणायचे यावर आमच्याकडे एकदा वाद झाला, शेवटी ‘पुट द कुकर ऑन’वर तडजोड झाली.

याच पद्धतीने ‘पाळणे’, ‘घालणे’, ‘बसणे’, ‘सुटणे’, ‘लागणे’ ही पाने भरावीत. महिन्याला एक क्रियापद पुरते. याशिवाय शब्दांच्या ठरलेल्या जोड्याही ऐकून ऐकून अंगवळणी पडाव्या लागतात. चूक ‘मेक’ करायची आणि गृहपाठ ‘डू’ करायचा, चहा ‘स्ट्राँग’ आणि पाऊस ‘हेवी’. असे का, हे विचारून उपयोग नाही. आपणही दात घासतो आणि कपडे धुतो.

उच्चार आणि स्पेलिंग

इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहायची सवय पाचवीत सर्रास दिसते. पहिल्या दिवशी तसे लिहायला हरकत नाही, पण तिसऱ्या दिवशी ते खोडायला लावावे, नाहीतर डोळा देवनागरीवरच जातो. शिवाय देवनागरीत जोर दाखवता येत नाही, आणि इंग्रजीत जोर चुकला की ओळखीचा शब्दही ओळखू येत नाही. शब्द म्हणताना बाकावर बोटाने ताल धरावा आणि जोराच्या ठिकाणी मोठी थाप द्यावी. ‘डिव्हेलप’मध्ये ती दुसऱ्या तुकड्यावर पडते, मुले ती पहिल्यावर टाकतात. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम म्हणताना ओठ गोल व्हायला हवेत आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकायला हवेत. आरशासमोर हे दोन मिनिटांत जमते.

‘डाउट’मध्ये बी कशाला आणि ‘आयलंड’मध्ये एस कशाला, असे मुलांनी विचारले तर खरे उत्तर द्यावे. ही अक्षरे विद्वानांनी लॅटिनशी नाते दाखवण्यासाठी मागाहून घुसडली. ‘आयलंड’च्या बाबतीत तर ते नातेही चुकीचे होते. हे कळले की मुलांचा त्या अक्षरांवरचा राग जातो आणि ती लक्षात राहतात.

उजळणीचा खोका

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले की पाठ केलेली गोष्ट सुरुवातीला झपाट्याने विसरली जाते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी लवकर सुरू करावी आणि पुढे तिच्यातले अंतर वाढवत न्यावे. १९७० च्या दशकात झेबास्टियान लाइटनर यांनी यासाठी खोक्याची युक्ती लोकप्रिय केली. घरात त्यासाठी चपलांचा रिकामा खोका आणि जुन्या लग्नपत्रिकांची कोरी मागची बाजू पुरते.

खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करावेत. कार्डाच्या एका बाजूला रिकामी जागा सोडलेले वाक्य लिहावे, ‘शी वॉज … टू सिंग बिफोर द गेस्ट्स’, आणि दुसऱ्या बाजूला शब्द. अर्थ कुठेच लिहू नये. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात जाते आणि रोज विचारले जाते. बरोबर आले की दुसऱ्या कप्प्यात, तो दर तीन दिवसांनी. मग तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने. कुठल्याही कप्प्यात चुकले की कार्ड पुन्हा पहिल्यात येते. याला शिक्षा म्हणू नये. ‘हा शब्द परत भेटायला आलाय’ एवढेच म्हणावे. रोजची उजळणी पाच मिनिटांत उरकावी आणि ती शक्यतो झोपण्यापूर्वी अथवा शाळेत जाण्यापूर्वी, ठरलेल्या वेळी व्हावी. वेळ ठरली नाही की तिसऱ्या आठवड्यात खोका माळ्यावर जातो.

वाचन कुठून आणावे

वही आणि खोका हे टेकू आहेत. शब्द पुन्हा पुन्हा भेटण्याची खरी जागा वाचन आहे. मोजणीत १०० शब्दांना दोन-तीनच अनोळखी निघतील अशी पुस्तके शोधावीत. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आणि फोर्टमध्ये हुतात्मा चौकाच्या आसपासच्या पदपथांवर मुलांची जुनी इंग्रजी पुस्तके स्वस्तात मिळतात. घेण्यापूर्वी तिथेच उभे राहून मुलाला एक पान वाचू द्यावे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या गोष्टी विनामूल्य वाचता येतात आणि त्यांतल्या अनेक गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही मिळतात. आधी मराठी गोष्ट वाचावी, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत. गोष्ट माहीत असल्यामुळे अनोळखी शब्दांचे अंदाज बरोबर येतात, आणि अंदाज बरोबर आल्याचा आनंद हा शब्द टिकवण्यात मोठा वाटा उचलतो.

वाचताना प्रत्येक शब्दासाठी शब्दकोश उघडू देऊ नये. पान संपेपर्यंत थांबावे, आणि जो शब्द कळला नाही म्हणून गोष्ट अडली तेवढाच पाहावा. पाचवी-सहावीत इंग्रजी-मराठी शब्दकोश ठीक आहे. सातवीपासून त्याच्या जोडीला शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश द्यावा, कारण त्यात अर्थ मोजक्या सोप्या शब्दांत आणि उदाहरणांसह दिलेले असतात.

पावसाळ्यात मुंबईत वाचनाचा आणखी एक उत्तम पाठ फुकट मिळतो. हवामान विभागाच्या इंग्रजी इशाऱ्यांत ‘हेवी’, ‘व्हेरी हेवी’, ‘एक्स्ट्रीमली हेवी’ हे शब्द मोजून-मापून येतात : २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे हेवी, २०४.४ पर्यंत व्हेरी हेवी आणि त्यापुढे एक्स्ट्रीमली हेवी. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो कुठल्या शब्दात बसवायचा, असे मुलांना विचारावे. ‘व्हेरी’ आणि ‘एक्स्ट्रीमली’ यांतला फरक त्यांना पुन्हा समजावून द्यावा लागत नाही. सोबत ‘मॉडरेट’, ‘आयसोलेटेड’, ‘इंटेन्स’, ‘अलर्ट’, ‘हाय टाइड’ हे शब्दही येतातच. बातमीचे कात्रण वहीत चिकटवून त्यावरच गोल-रेघा कराव्यात.

इंग्रजी न येणाऱ्या पालकांसाठी

‘आम्हालाच येत नाही, तर घेणार काय?’ हा प्रश्न पालकसभेत दरवर्षी येतो. या पद्धतीत पालकाला इंग्रजी येण्याची फारशी गरज नाही. आईने पोळ्या लाटता लाटता मुलाला म्हणावे, ‘आजचा शब्द मला शिकव.’ मग तीन प्रश्न विचारावेत : हा शब्द तुला कुठे भेटला? आपल्या घरात कोणाला लागू पडतो? आणि कुठे वापरायचा नाही? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देता आले तर शब्द आला असे समजावे. मुलाचा उच्चार चुकतो की काय अशी काळजी वाटली तर शब्दकोशाच्या अॅपमध्ये तो दोघांनी मिळून ऐकावा. मुलाच्या चुकीवर भावंडांना हसू देऊ नये. बारा-तेरा वर्षांचे मूल एकदा हसे झाले की तो शब्दच काय, पुढचे दहा शब्दही तोंडाबाहेर काढत नाही.

चाचणी घ्यायची तर महिन्यातून एकदाच, आणि तीही अर्थ न विचारता. दहा कार्डे काढून त्यांतले कोणतेही पाच शब्द वापरून मुलाने सहा-सात ओळींचा मजकूर लिहावा, विषय काहीही असो. शब्द योग्य ठिकाणी बसला आणि स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर चुकले तर शब्द आला असे धरून स्पेलिंग वेगळे सुधारावे. स्पेलिंग अचूक पण वाक्य ‘आय ओबे अ डॉग’च्या जातीचे निघाले, तर कार्ड पहिल्या कप्प्यात.

मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाताना पूर्ण खोका न्यायची गरज नाही. पहिल्या दोन कप्प्यांतली कार्डे रबरबँड लावून बॅगेत टाकावीत, उरलेली मुंबईत राहू द्यावीत. जूनमध्ये परत आल्यावर शाळा सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी सगळी कार्डे एकदा विचारावीत आणि जी चुकतील त्यांची वहीतली पाने उघडून पाहावीत. बहुतेक पानांवर ‘काय नाही’ची ओळ रिकामी सापडेल, ती त्याच दिवशी भरून घ्यावी आणि कार्ड पहिल्या कप्प्यात ठेवून सोमवारपासून पुन्हा सुरुवात करावी.